जमिनीची राखण : परंपरा, हक्क आणि ग्रामसभा

पर्यावरण दिनाच्या भाषणांत आदिवासी समाजाचा उल्लेख हमखास येतो. 'निसर्गपूजक', 'वनपुत्र', 'जंगलाची लेकरे' अशी विशेषणे त्याला मोठ्या उदारपणे बहाल केली जातात. याच समाजाला वसाहतकाळातील सरकारी कागदपत्रांत जंगलाचा नाश करणारा, रान जाळणारा, अडाणी असे म्हटले जात होते. निंदेची जागा स्तुतीने घेतली, ही प्रगतीच म्हणावी लागेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन्ही वर्णनांत एक समान उणीव दिसते. जंगल कोणाच्या ताब्यात आहे, त्याविषयीचे निर्णय कोण घेतो आणि त्यातील उत्पन्न कोणाच्या हाती पडते, हे प्रश्न त्या निंदेतही नव्हते आणि या स्तुतीतही नाहीत.

प्रस्तुत लेखात मला मांडायचे आहे ते थोडक्यात असे : जमिनीची राखण श्रद्धेतून सुरू होऊ शकते, पण ती टिकते हक्कामुळे आणि एकत्र बसून केलेल्या विचारामुळे. आदिवासी परंपरेकडून आपण अवश्य शिकावे. मात्र तिच्यातील कोणता भाग आजही मार्गदर्शक आहे, आणि त्याला कायद्याचे बळ कसे मिळाले, हे समजून घेऊन शिकावे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे. त्या गावाची हकीकत पाहण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास ध्यानात घेणे आवश्यक आहे.

जंगल 'सरकारी' कसे झाले?

भारतात वन खात्याची स्थापना १८६४ साली झाली आणि १८६५ साली पहिला वन कायदा आला. रेल्वेमार्गाखाली घालण्यासाठी लाकडी स्लीपरांची प्रचंड गरज होती. जहाजबांधणीसाठी सागवान हवे होते. त्यानंतर आलेल्या १८७८ च्या कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्राम अशी विभागणी केली. यातील राखीव जंगलाचा नियम मुळातून समजून घेण्यासारखा आहे. तेथे ज्या गोष्टीला स्पष्ट परवानगी नाही, ती करणे हा गुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या जेथून सरपण, पाने, फळे, औषधी मुळ्या आणल्या, जेथे गुरे चारली, तेथेच माणूस एका कायद्याने आगंतुक ठरला. पुढे १९२७ साली आलेला भारतीय वन कायदा हा त्याच चौकटीवर उभा आहे आणि तो आजही लागू आहे.

या धोरणाची झळ आदिवासींपुरती मर्यादित नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वन खात्यावर कठोर टीका केली आहे. डोंगर, दऱ्या आणि गावोगावची कुरणे सरकारने जंगलात सामील केल्यामुळे गरीब शेतकऱ्यांच्या शेरडा-करडांनाही चरायला जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. ते नुसती तक्रार करून थांबत नाहीत. पावसाचे पाणी जमिनीत मुरावे आणि शेताची सुपीक माती वाहून जाऊ नये यासाठी जागोजागी ताली आणि बंधारे घालावेत, असा व्यवहारी उपायही ते सुचवतात. आज ज्याला आपण मृद्-जलसंधारण म्हणतो त्याचा विचार एका शूद्र शेतकऱ्याच्या बाजूने, आणि हक्काच्या प्रश्नापासून तो जराही न तोडता, फुल्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला होता. पर्यावरणाच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

आजच्या गडचिरोलीच्या भागात जमीनदाऱ्या होत्या. जमीनदारांच्या अमलातही गावकऱ्यांना सरपण, घरासाठी लाकूड, बांबू, चराई यांविषयी काही मान्य हक्क होते. त्यांना 'निस्तार हक्क' म्हणत. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तेथे १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपली, हे योग्यच झाले. परंतु जमीनदारांकडील जंगल गावाकडे आले नाही, ते राज्याकडे आणि पर्यायाने वन खात्याकडे गेले. जमीनदार गेला आणि त्याच्या जागी खाते आले, असा अनुभव पुष्कळ गावांच्या वाट्याला आला.

आपला या विषयाशी संबंध काय?

'हा आदिवासींचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध?' असे आपल्या समाजातील काही जण विचारतील. संबंध आहे आणि तो जवळचा आहे.

जुन्या गावगाड्यात महार हा शिवेचा राखणदार होता. दोन गावांच्या अथवा दोन शेतांच्या हद्दीचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. कोणता दगड कोणी रोवला, ओढा पूर्वी कोठून वाहत होता, कोणते झाड कोणाच्या बांधावर आहे, याचे ज्ञान त्याच्याकडे असे. म्हणजे गावच्या जमिनीची सर्वांत बारकाईने माहिती ज्या माणसाला होती, त्याच माणसाला त्या जमिनीवर मानाने उभे राहण्याचा अधिकार नव्हता. वतनाच्या नावाखाली मिळालेल्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात त्याला रात्रंदिवस गावची आणि सरकारची वेठ करावी लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले आणि १९३७ साली कोकणातील खोती नष्ट करण्यासाठी विधेयक आणले, त्यामागे हे वास्तव होते.

बाबासाहेबांच्या पश्चात कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पडीक आणि सरकारी जमीन कसण्यासाठी भूमिहीनांना मिळावी, ही त्यांतील प्रमुख मागणी होती. त्यासाठी स्त्री-पुरुषांनी मोठ्या संख्येने तुरुंगवास पत्करला. गायरान कसणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांच्या पाठीशी त्या लढ्याची पुण्याई आहे. आदिवासी 'अतिक्रमक' ठरला तो जंगलात, आपण 'अतिक्रमक' ठरलो ते गायरानात. शब्द तोच आहे. दोन्ही ठिकाणी जमिनीवर राबणाऱ्याकडे तिचा कागद नव्हता, एवढाच त्याचा खरा अर्थ.

परंपरेत काय घेण्यासारखे आहे?

आता परंपरेकडे वळू. गोंड समाजात कुळांना विशिष्ट प्राणी, पक्षी वा वृक्ष पूज्य असतो आणि त्या कुळातील माणसे त्याला इजा करीत नाहीत. वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या जीवांना अभय दिले की सबंध परिसरातील अनेक जीवांना थोडेबहुत संरक्षण आपोआप मिळते. गडचिरोलीच्या गोंड आणि माडिया गावांत 'पंडुम' नावाचे सण होतात. रानातील नवे फळ, नवे धान्य, आंबा किंवा मोहफूल यांचा उपभोग त्या त्या सणापूर्वी घ्यायचा नाही, असा संकेत असतो. याचा परिणाम सहज समजण्याजोगा आहे. फळ पिकण्याआधीच ओरबाडले जात नाही. काही बी जमिनीवर पडते, काही पाखरांच्या वाट्याला जाते आणि पुढच्या पिढीतील झाडांची सोय होते. शिवाय एकाने आधी जाऊन सगळे लुटायचे आणि बाकीच्यांनी हात चोळत बसायचे, हा प्रकार टळतो. सण हा येथे वाटपाचा नियमही आहे.

पश्चिम घाटात देवराया आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि आजूबाजूचा डोंगर उघडा पडलेला असतानाही देवराईत जुने वृक्ष, वेली आणि पाण्याचे झरे कसे टिकून राहिले, याकडे लक्ष वेधले.

हे सर्व मोलाचे आहे. तथापि तथागतांच्या अनुयायाने परंपरेकडे डोळे झाकून पाहू नये. कालाम सुत्तात भगवंतांनी केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असाच उपदेश केला आहे. देवराई राखली जाते ती पुष्कळदा देवाच्या कोपाच्या भीतीने. भीती ओसरली, किंवा देवापेक्षा देवळाचे महत्त्व वाढले, की झाडांवर कुऱ्हाड चालायला वेळ लागत नाही. बऱ्याच ठिकाणच्या रूढींत स्त्रियांना आणि खालच्या मानलेल्या जातींना अशा जागी प्रवेशच नसतो. ज्या पावित्र्यात माणसाचा विटाळ बसतो, ते आपण आदर्श म्हणून कसे स्वीकारणार? तेव्हा परंपरेतील संयम, सामुदायिक वाटप आणि निरीक्षणातून आलेले ज्ञान घ्यावे, आणि भय व विषमता मागे ठेवावी. हे कसे करता येते, हे मेंढ्याने दाखविले.

मेंढा : एका गावाचा अभ्यास

मेंढा हे धानोरा तालुक्यातील जवळजवळ संपूर्ण गोंड वस्तीचे लहान गाव. शेजारच्या लेखा गावाच्या जोडीने ते 'मेंढा (लेखा)' म्हणून ओळखले जाते. गावाची लोकसंख्या पाचशेच्या आसपास आणि भोवती घनदाट जंगल. १९८० च्या दशकात या परिसरात इचंपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. लालश्याम शाह आणि बाबा आमटे हे त्यातील प्रमुख नेते होते. या आंदोलनाच्या मंथनातून मेंढ्यातील लोक विचार करू लागले. त्यांच्या पुढाकारात देवाजी तोफा यांचे नाव अग्रभागी आहे, आणि अभ्यासाच्या कामी मोहन हिराबाई हिरालाल यांची त्यांना दीर्घकाळ साथ लाभली.

'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. परंतु घोषणेपेक्षा गावाची कार्यपद्धती अधिक महत्त्वाची आहे. ती तीन आधारांवर उभी आहे.

पहिला आधार अभ्यासगट. कोणताही प्रश्न आला की आधी त्याविषयी माहिती गोळा करायची, कायदा समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे आणि चर्चा करायची. अभ्यासगटात निर्णय होत नाही, तेथे फक्त समज वाढते. जंगलातील मध काढताना मधमाश्या जाळल्या जातात, त्या न मारता मध कसा काढता येईल, यासारखा विषयही या पद्धतीने अभ्यासला गेला.

दुसरा आधार ग्रामसभा. निर्णय घेण्याचा अधिकार तिचाच. तेथे प्रत्येक घरातील स्त्री आणि पुरुष या दोघांनीही यावे असा आग्रह आहे. गावातील दारूविरुद्धचा निर्णय स्त्रियांच्या आवाजामुळेच तडीस गेला.

तिसरा आधार सर्वसहमती. येथे बहुमताने निर्णय होत नाही. एखाद्याचा विरोध असला तर विषय पुढे ढकलतात आणि पुन्हा बोलतात. यात वेळ फार जातो, हे खरे. पण बहुमताने केलेला नियम हरलेले लोक मोडतात. सर्वांनी मिळून केलेला नियम मोडणारा स्वतःचाच शब्द मोडत असतो. जंगलाच्या बाबतीत याला विशेष अर्थ आहे, कारण हजारो एकर रानावर पहारेकरी किती नेमणार? ज्याला नियम आपला वाटतो, तोच तेथे खरा राखणदार होतो.

या पद्धतीने गावाने जंगलासाठी नियम केले. वणवा लावायचा नाही आणि लागला तर सर्वांनी विझवायला जायचे. फळांसाठी झाड तोडायचे नाही. बाहेरच्याला ग्रामसभेच्या परवानगीशिवाय जंगलातून काही नेता येणार नाही. कागद गिरणीसाठी होणाऱ्या बांबूतोडीलाही गावाने आक्षेप घेतला. तरुणांचे पारंपरिक एकत्र येण्याचे ठिकाण म्हणजे गोटुल. ते बांधण्यासाठी जंगलातील लाकूड वापरले, म्हणून वन खात्याशी संघर्षही झाला. परंतु या सर्व काळात गावाच्या राखणीला कायद्याचा आधार नव्हता. लोक जंगल राखत होते आणि कागदावर जंगल दुसऱ्याचे होते.

कायद्याने काय दिले?

हा आधार 'अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६' या कायद्याने दिला. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली या कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. वैयक्तिक जमिनीचा हक्क सर्वांना माहीत असतो, कारण त्याचा पट्टा हातात मिळतो. परंतु कायद्यात सामूहिक वनहक्काची तरतूदही आहे आणि ती अधिक दूरगामी आहे. गाव पारंपरिकरीत्या ज्या जंगलाचा वापर आणि राखण करीत आले, त्याचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्कही त्यात येतो.

मेंढ्याच्या ग्रामसभेला ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी ते एक आहे. तरीही लढाई संपली नव्हती. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरविले आहे, परंतु १९२७ च्या कायद्यानुसार बांबू हे 'झाड' होते. त्यामुळे ग्रामसभेला बांबू विकायचा तर त्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्यास वन खाते तयार नव्हते. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे. पण ते झाड की गवत, या वादाआड बांबूचे उत्पन्न कोणाचे हा प्रश्न दडला होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. आपल्याच जंगलातील बांबू आपल्याच सहीने विकण्याचा अधिकार गावाला मिळाला. त्या उत्पन्नातून ग्रामसभेने मजुरी, जंगलाचे काम आणि गावाच्या गरजा भागविल्या. पुढे २०१३ साली मेंढ्याने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार आपली शेतजमीनही ग्रामदानात देण्याचा निर्णय घेतला.

पाचगाव आणि नियमगिरी

मेंढा हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिंपरी तालुक्यात पाचगाव आहे. तेथील ग्रामसभेला २०१२ साली सुमारे १००० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्ता हे त्या भागातील रोख उत्पन्नाचे मोठे साधन. पण चांगला पाला यावा म्हणून फांद्या छाटतात आणि आगी लावतात, हे लोकांनी पाहिले होते. पाचगावने तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरविले आणि बांबूवर भर दिला. इतकेच नव्हे, तर जंगलाचा काही भाग नव्याने देवराई म्हणून राखून ठेवला. जुन्या देवराईमागे दैवताचा धाक होता. या नव्या राईमागे ग्रामसभेचा ठराव आहे. परंपरा पारखून घ्यावी असे जे मी वर म्हटले, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

ओडिशातील नियमगिरी पर्वतावर डोंगरिया कोंध लोक राहतात. तो पर्वत त्यांच्या नियमराजाचे स्थान आहे आणि त्याच्या माथ्यावर बॉक्साइटचा मोठा साठा आहे. तेथील प्रस्तावित खाणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिलेल्या निर्णयात, लोकांच्या वनहक्कांचा आणि धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवावा, असे सांगितले. त्याच वर्षी पावसाळ्यात बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या. बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने प्रकल्पाला परवानगी नाकारली. श्रद्धा तेथे शेकडो वर्षांपासून होतीच. तिची दखल घेणे राज्यसंस्थेला भाग पडले, ते ग्रामसभा या कायदेशीर संस्थेमुळे.

बाबासाहेबांचा आक्षेप

येथे आंबेडकरी वाचकाच्या मनात एक गंभीर शंका येईल, आणि ती यायलाच हवी. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्यांच्या गौरवीकरणावर कडाडून टीका केली होती. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर, असे त्यांचे निदान होते, आणि संविधानाने खेड्याऐवजी व्यक्तीला मूलभूत घटक मानले, याचे त्यांनी समर्थन केले. मग आपण ग्रामसभेचे गोडवे कसे गावेत?

त्याच सभागृहात १९ डिसेंबर १९४६ रोजी आदिवासींचे नेते जयपालसिंग मुंडा बोलले होते. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे, असा त्यांचा आशय होता. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. माझ्या मते दोघे दोन वेगळ्या गावांविषयी बोलत होते. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर गावकुसाबाहेर महारवाडा असलेले गाव होते. जयपालसिंगांच्या डोळ्यांसमोर जातींची उतरंड नसलेले गाव होते.

यातून मेंढ्याच्या अनुभवाची मर्यादाही स्पष्ट होते. सर्वसहमती तेथे फळली, कारण तेथील माणसे बऱ्याच अंशी समान आहेत. जेथे पाटलाच्या शेतावर मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटत नाही, तेथे मजुराचे मौन हेच सहमती म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. म्हणून केवळ परंपरा पुरत नाही, वरून संविधानाचे आणि कायद्याचे संरक्षण लागते. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेसाठी निम्म्या सदस्यांची गणपूर्ती आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया आवश्यक आहेत. अशी अट परंपरा घालत नाही, कायदा घालतो.

याच कायद्यात आपल्या समाजाशी थेट निगडित अशी एक कठीण अटही आहे. अनुसूचित जमातींव्यतिरिक्त जे 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. जंगलालगतच्या गावांत राहणारी दलित कुटुंबे यात येतात. ज्यांच्या आजोबांचे नाव कोणत्याही दप्तरात लिहिलेच गेले नाही, त्यांनी पंचाहत्तर वर्षांचा पुरावा कोठून आणायचा? गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून नियमांत मान्य आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शिवेच्या साक्षीदाराची साक्ष पुन्हा एकदा महत्त्वाची ठरली आहे. या वेळी ती स्वतःच्या हक्कासाठी.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या निवेदनात जमिनीची मालकी राज्याकडे असावी, ती जातपात न पाहता गावातील कुटुंबांना कसायला द्यावी आणि शेती सामूहिक पद्धतीने व्हावी, अशी योजना मांडली होती. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही, अशी ती कल्पना. मेंढ्याची वाट वेगळी आहे. पण जमीन ही एकट्याच्या मक्तेदारीची वस्तू नसून सर्वांच्या समान उपजीविकेचा आधार आहे, हा विचार दोन्हीकडे आहे.

धम्माची दृष्टी

बौद्ध परंपरेत या विषयाची बीजे स्पष्ट आहेत. पावसाळ्यात भिक्खू फिरतात तेव्हा कोवळे गवत आणि सूक्ष्म जीव पायदळी तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, आणि भगवंतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. आपण दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास पाळतो, त्याचा उगम असा लोकांचे ऐकून केलेल्या नियमात आहे. वनस्पतींचा नाश करणे हा भिक्खूंसाठी विनयात दोष मानला आहे. संयुत्त निकायातील एका सुत्तात वनराई लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे आणि पाण्याची सोय करणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते, असा आशय आला आहे.

सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्याचे, रस्त्यांवर विहिरी खोदल्याचे आणि झाडे लावल्याचे नोंदविले आहे. पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि विनाकारण जंगल जाळू नये, अशी आज्ञा आहे. मात्र त्याच अशोकाने तेराव्या शिलालेखात अटवींतील लोकांना, म्हणजे वनवासींना, आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून दिली आहे. इतक्या थोर धम्मराजाच्या राज्यातही रानाला मिळालेले अभय आणि रानातल्या माणसाला मिळालेला इशारा शेजारी शेजारी उभे होते. राज्यसंस्थेला झाडांवर करुणा करणे सोपे जाते, माणसांना हक्क देणे कठीण जाते, हे इतिहास आपल्याला येथे शिकवतो.

आपल्या हातात काय आहे?

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेले विद्यार्थी आज तलाठी, शिक्षक, वकील, अभियंते, बँक कर्मचारी, शेतकरी आहेत. पालकांत गायरान कसणारे आहेत, भूमिहीन आहेत आणि जंगलालगत राहणारेही आहेत. या सर्वांना करता येण्याजोग्या काही गोष्टी सुचवून लेख पुरा करतो.

पहिली गोष्ट म्हणजे कागद वाचायला शिकणे आणि शिकविणे. सातबारा उतारा, आठ-अ, गाव नकाशा, निस्तार पत्रक यांचा अर्थ आपल्या मुलांना दहावीपूर्वी कळायला हवा. ज्याला कागद वाचता येतो, त्याला कोणी सहजासहजी अतिक्रमक ठरवू शकत नाही.

दुसरी गोष्ट वडीलधाऱ्यांचे ज्ञान लिहून ठेवणे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. कोणती रानभाजी कोठे उगवते, कोणता झरा कोणत्या साली आटला, कोणती वनस्पती कशावर उपयोगी, हे आपल्या आज्यांना ठाऊक आहे. सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते विचारून वहीत उतरवावे, आणि त्या नोंदींखाली सांगणाऱ्याचे नाव लिहावे. ज्ञान देणाऱ्याचे नाव गाळण्याची आपल्या देशातील सवय फार जुनी आहे.

तिसरी गोष्ट ग्रामसभेत बसणे आणि बोलणे. विशेषतः आपल्या माता-भगिनींनी. ठराव वाचून दाखवा असे म्हणणे, विरोध असेल तर तो नोंदवून घ्यायला लावणे, हा आपला अधिकार आहे.

चौथी गोष्ट आदिवासी बांधवांशी नाते जोडणे. सामूहिक वनहक्काचे दावे करताना जेथे अनुसूचित जमाती आणि दलित कुटुंबे एकाच गावात राहतात, तेथे परस्परांविरुद्ध उभे न राहता एकत्र दावा करणे दोघांच्याही हिताचे आहे. गायरानाच्या बाबतीतही असेच. कसणाऱ्याचा हक्क आणि गावाला लागणारी चराई, पाणवठा, झाडे यांचा मेळ घालण्याचा विचार आपणच पुढाकार घेऊन मांडावा. नाहीतर पर्यावरणाच्या नावाखाली पहिला बुलडोझर गरिबाच्या झोपडीवर येतो, हे आपण पाहत आलो आहोत.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. ते तळे कायद्याने सर्वांना खुले होते, तरी तेथवर जाण्याचा हक्क आपल्याला बजावावा लागला. पाणी, जमीन आणि जंगल सर्वांचे आहे, हे वाक्य त्या दिवशी कृतीत उतरले. सर्वांचे आहे म्हटल्यावर ते राखण्याची जबाबदारीही सर्वांवर येते. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाने ही जबाबदारी उचलण्यात कोणाच्याही मागे राहू नये.